चाळीतलं अलिप्त राष्ट्र

आमच्या लालबागच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली असत. एक रशियाच्या बोटीवरून आलेलं, दुसरं अमेरिकेच्या. वडील, म्हणजे आमचे अण्णा, माझगावच्या बाजूला गोदीत क्लार्क होते. बोटीतून काय उतरलं आणि ते कुठे गेलं, याचे कागद त्यांच्या हातून जात. गव्हाच्या बोटीवरही तेच आणि यंत्रांच्या बोटीवरही तेच. वर्षाच्या सुरुवातीला दोन्हीकडून एकेक कॅलेंडर मिळे, आणि फुकट आलेला चांगला कागद नाकारण्याइतकं श्रीमंत आमच्या चाळीत कुणीच नव्हतं. रशियाच्या कॅलेंडरावर बर्फ, धरणं आणि ट्रॅक्टरवर बसून हसणाऱ्या बायका असत. अमेरिकेच्या कॅलेंडरावर उंच इमारती, आणि नजर पोचणार नाही इतकी लांब मक्याची शेतं. महिना संपला की आई स्टुलावर चढून दोन्हींची पानं एकाच वेळी उलटायची. संकष्टी कधी आहे हे मात्र दोघांपैकी एकालाही माहीत नसल्यामुळे तिचं खरं कॅलेंडर चुलीजवळ होतं, तेलकट आणि मराठी. पुढे आयुष्यभर मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, परराष्ट्र धोरणावर फळाभर आकृत्या काढल्या, पण आमच्या त्या भिंतीइतकं सोपं मला कधी समजावता आलं नाही.

कॅलेंडरांखेरीज मासिकंही येत. दोन्ही महासत्तांना आमच्यासारख्या गरीब देशांच्या मनाची फार काळजी होती, त्यामुळे दोघींचीही गुळगुळीत, रंगीत मासिकं गिरगावपासून परळपर्यंत घरोघर पोचत. ती वाचत कुणी नसे. जून महिन्यात शाळा सुरू झाली की त्यांची पानं सुटी करून वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायची, हा त्यांचा खरा उपयोग. आमचा सगळा वर्ग एका बाजूने पोलाद कारखाना आणि दुसऱ्या बाजूने न्यूयॉर्क असा दिसे. आई चौथी शिकलेली, मूळची मालवणकडची. तिने दोन महासत्तांची तुलना एकदाच केली आणि मग मत बदललं नाही. "रशियाचो कागद बरो," ती म्हणायची. "घडी धरता. अमेरिकेचो नुसतो सटकता." तरीही ती दोन्ही मासिकं सारख्याच काळजीने गादीखाली सपाट करून ठेवायची, कारण वह्या पुष्कळ होत्या आणि कागद दोघांचाही लागायचा.

अशा घरात वाढलेला मुलगा आंतरराष्ट्रीय राजकारणाचा जाणकार न झाला तरच नवल. अकरावीत असताना मी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत 'अलिप्ततावाद' या विषयावर बोललो आणि पहिला आलो. भाषण मास्तरांनी लिहून दिलेलं होतं, हातवारे माझे. "अलिप्त राहणं म्हणजे मूग गिळून बसणं नव्हे," असं म्हणताना मी उजवी मूठ छातीवर आपटायचो. "प्रत्येक प्रश्नावर त्या त्या प्रश्नाच्या गुणवत्तेनुसार आम्ही निर्णय घेऊ आणि तो जगाला ठणकावून सांगू," इथे तीच मूठ वर जायची. टाळ्या पडायच्या. कप घेऊन मी घरी आलो त्या दिवसापासून चाळीने माझं नाव अलिप्त ठेवलं. नळावर भांडण झालं की बायका म्हणायच्या, त्या अलिप्तला बोलवा. मी जायचो, दोन्ही बाजू ऐकून घ्यायचो, गंभीर चेहरा करायचो आणि काही न बोलता परत यायचो. हे फार अवघड काम आहे असं मला तेव्हा वाटायचं, आणि ते मला छान जमतंय असंही.

शशी माझा मित्र. शशिकांत वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा. वडील गिरणीत, आई घरी चार बायकांसाठी शिवण करणारी. खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली पुस्तकांची एक फळी होती आणि त्या फळीला हात लावण्याआधी हात धुवावे लागत. शशीला रसायनशास्त्राचं वेड होतं. मला रसायनातलं मीठ आणि सोडा एवढंच कळायचं. (माझ्या आठवणींची ही प्रकरणं लिहून झाली की मी आधी त्याला वाचायला देतो. तो पेन्सिल घेऊन बसतो आणि माझ्या चुका काढतो. त्याला आयुष्यात दुसरी काही करमणूक नाही असं मी त्याला सांगत असतो.) गिरगावात एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर रशियन भाषेचा फुकट वर्ग चालायचा. शिकवणाऱ्या दामलेबाई नऊवारी नेसून अस्खलित रशियन बोलायच्या. त्या वर्गातून दरवर्षी कुणाला तरी तिकडे शिकायला पाठवतात, जाणं-येणं, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडून, असं शशीच्या कानावर आलं आणि तो मला घेऊन तिथे गेला. तो शिकायला गेला होता. मी त्याच्या सोबतीला गेलो आणि तिथल्या खिडकीतून वारा चांगला येतो म्हणून राहिलो.

मॉस्कोची थंडी आपल्याला झेपेल का, हा आमच्यापुढचा पहिला प्रश्न होता. तो सोडवायला आम्ही वरळी कोळीवाड्यात गेलो. तिथे धक्क्याजवळ मासळीच्या बर्फाच्या लाद्या उतरवून ठेवलेल्या असत. चपला काढून अनवाणी लादीवर उभं राहायचं आणि आकडे मोजायचे, अशी शशीची योजना. मोजायचं काम त्याचंच, कारण त्याला सगळं मोजायची सवय होती, जिने, पावलं, बसची वाट बघण्याची मिनिटं. मी तीसपर्यंत टिकलो आणि मग ओरडत खाली उडी मारली. शशी डोळे मिटून, ओठ हलवत मोजत उभा राहिला. शंभर झाले तरी उतरेना. तेवढ्यात जिची लादी होती ती कोळीण आली.

"काय रं, बरफावर पाय देतस? त्यावर म्हावरा ठेवायचाय मला," ती म्हणाली.

"मावशी, रशियाला जायचंय," शशी तसाच उभा राहून म्हणाला.

"मंग हितं कशाला उभा? जा की," ती म्हणाली आणि तिने पाटीने त्याला खाली ढकललं. त्याचे तळपाय लालभडक झाले होते. परतताना तो लंगडत होता आणि फार खूश होता. तो इतका खूश क्वचितच दिसायचा, म्हणून ते मला नीट आठवतं.

आता माझ्यासारख्या कप मिळालेल्या मुत्सद्द्याने एकाच महासत्तेच्या नादी लागणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी अधूनमधून अमेरिकन वाचनालयातही जायचो. तिथे एअर कंडिशनर होता, हे माझ्या अभ्यासाचं मुख्य कारण. एकदा तिथल्या टेबलावर छापील अर्ज ठेवलेले दिसले, वर एका विद्यापीठाच्या हिरवळीवर पहुडलेल्या विद्यार्थ्यांचं चित्र. मी गारठलेल्या बोटांनी अर्ज भरला, नाव, पत्ता, आवडीचे विषय, आणि पेटीत टाकला. बारीक अक्षरांत खाली काय लिहिलं होतं ते वाचलं नाही. घरी येऊन चाळीत जाहीर केलं, "अमेरिकेतही नाव गेलंय." शेजारचे काका म्हणाले, "म्हणजे आता दोघं तुझ्यासाठी भांडणार." मला ते अगदी स्वाभाविक वाटलं.

वर्षाअखेरीस दामलेबाईंनी वर्गातल्या आम्हा दोघांना मुलाखतीला पाठवलं. मुलाखत घ्यायला जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक रशियन प्राध्यापक आले होते. दुभाषाचं काम बाईंकडे. आदल्या दिवशी आईने माझ्या प्रशस्तिपत्रकांच्या फाइलला नवं कव्हर घातलं होतं. महत्त्वाचं काम म्हणून गादीखालचा सगळ्यात चकचकीत कागद काढला होता. मी फाइल टेबलावर ठेवली. प्राध्यापकांनी ती उचलली, उलटी केली आणि बघत राहिले. तिथे चंद्रावर अमेरिकेचा झेंडा रोवून एक अंतराळवीर उभा होता. बाईंनी डोळे मिटून घेतले. प्राध्यापक काहीतरी म्हणाले, आणि बाई मराठीत म्हणाल्या, "ते विचारतायत, हे कोणी घातलं?"

"आईने," मी म्हणालो. "आमच्याकडे दोन्ही लावतात." आणि मग मला आवरेना. मी उभा राहिलो आणि स्पर्धेतलं भाषण सुरू केलं, मुठीसकट. बाई भाषांतर करत होत्या, आधी घाबरून, मग कंटाळून. प्राध्यापक हसायला लागले. त्यांनी विचारलं, उद्या आम्हीही बोलावलं आणि त्यांनीही, तर काय कराल? मी म्हणालो, "त्या त्या वेळी गुणवत्तेनुसार निर्णय घेऊ." 'घेऊ' म्हणालो, जणू माझ्यामागे पंचावन्न कोटी लोक रांगेत उभे होते. ते टेबलावर हात आपटून हसले. नंतर शशी आत गेला. त्याच्या फाइलला रशियन कागदाचं कव्हर होतं, त्याचं रशियन माझ्यापेक्षा दसपट चांगलं होतं, आणि कशासाठी जायचंय या प्रश्नाला तो एवढंच म्हणाला की रसायन शिकायला. पाच मिनिटांत तो बाहेर आला.

महिन्याभराने बाईंनी मला एकट्याला थांबवून घेतलं आणि एक पाकीट दिलं. "तुझं नाव पहिलं आलंय. शशिकांतचं दुसरं. रसायन अभियांत्रिकीची एकच जागा आहे. तुला जायचं असेल तर संमती लिहून दे. नसेल जायचं तर तसं लिहून दे, म्हणजे मी लगेच त्याचं नाव पुढे करते. पण काहीतरी लिही. मुदत टळली तर जागा दिल्लीला परत जाते, मग तूही नाहीस आणि तोही नाही." मुदत किती होती ते आता नीट आठवत नाही. आठ-दहा दिवसांची असावी. शशीला हे कोणी सांगायचं, ते बाई बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

पाकीट मी घरी आणून दोन कॅलेंडरांच्या मधल्या खिळ्याला टाचून ठेवलं. संध्याकाळी अण्णा गोदीतून आले, पाय धुऊन बसले, वाचलं. त्यांनी विचारलं, "तुला जायचंय?"

"अजून ठरलं नाही. अमेरिकेचं उत्तर यायचंय."

"रसायन शिकायचंय?"

"तसं नाही."

"मग नाही म्हणून कळव. तो वरळीचा पोरगा जाईल." मी त्यांना समजावलं की इतक्या घाईने एका बाजूला झुकणं योग्य नाही, दोन्ही दारं उघडी ठेवण्यात शहाणपण असतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी इतकी वर्षं दोघांच्या बोटींवर काम करतोय. दोघांनाही कितीदा नाही म्हटलंय. तू भाषणात म्हणतोस ना ठणकावून सांगू, मग सांग की काहीतरी. तू कुणाला उत्तरच देत नाहीयेस." आई पानं वाढत म्हणाली, "जेवान घे आदी." मी जेवलो. कुळथाची पिठी आणि तळलेले बोंबील होते, आणि मला भूक चांगली लागली होती, हे कबूल केलं पाहिजे.

खरं कारण साधं होतं. हो म्हटलं असतं तर रसायन शिकावं लागलं असतं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मी लालबागचा एक सामान्य मुलगा झालो असतो, ज्याची कुणीच वाट बघत नाही. पाकीट खिळ्यावर होतं तोवर माझं वजन होतं. लोक येऊन ते बघून जात. त्या दिवसांत शशीही रोज यायचा. वरळीहून चालत यायचा, दारात चपला काढायचा, भिंतीला टेकून कॅलेंडरांसमोर बसायचा. आई त्याला घावणे आणि नारळाचा रस द्यायची. तो दोन खायचा, तिसरा नको म्हणायचा. पाकिटाबद्दल त्याने कधी विचारलं नाही. त्याला माहीत नसावं असं मी धरून चाललो, कारण तसं धरणं सोयीचं होतं. तो गिरणीच्या भोंग्यापर्यंत बसायचा आणि "येतो रे," म्हणून निघायचा. त्याला आईच्या हातचे घावणे आवडतात, असं मी सगळ्यांना सांगायचो.

अमेरिकेचं उत्तर आलं ते मुदत टळल्यावर दोन दिवसांनी. पाकीट जाडजूड होतं. चाळ जमली. मी सावकाश फोडलं. आत निरनिराळ्या विद्यापीठांची माहितीपुस्तकं होती, रंगीत, हिरवळीच्या चित्रांची, आणि एक छापील चिठ्ठी, की आमच्या माहितीपत्रकांत रस दाखवल्याबद्दल आभार. मी भरला होता तो माहितीपत्रकं मागवण्याचा अर्ज होता. ज्या महासत्तेसाठी मी दुसरीला ताटकळत ठेवलं होतं, तिने मला बोलावलंच नव्हतं. आईने पुस्तकं हातात घेऊन अंगठ्याने कागद चाचपला आणि म्हणाली, "ह्यो मात्र बरो हा." पुढली दोन वर्षं चाळीतल्या पोरांची पुस्तकं त्याच कागदात होती.

मी धावत गिरगावला गेलो. बाई फळा पुसत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "जागा गेली. काल तार आली." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "भाषण नको." शशीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की दिल्लीने जागा परत घेतली. हे खोटं नव्हतं, निम्मं होतं. तो म्हणाला, "असं." त्यानंतर तो रशियन वर्गाला आला नाही. तो एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मदतनीस लागला आणि निवृत्त होईपर्यंत त्याने लोकांचं रक्त तपासलं. त्याच्या आईने एका नातेवाइकाकडून जाड स्वेटर मागून आणून कापूर घालून ठेवला होता, हे मला फार नंतर, ती गेल्यावर कळलं. ते कळलं त्या दिवशी मला माझी जितकी लाज वाटली तितकी ना आधी कधी वाटली, ना नंतर.

आता आमच्या चाळीच्या जागी टॉवर आहे आणि शशीही वरळीला नव्या इमारतीत बाविसाव्या मजल्यावर राहतो. दर रविवारी तो माझ्याकडे येतो. टीव्हीवर पुन्हा तेच चालू असतं, महासत्तांची नावं थोडी बदललेली, आणि कोट घातलेली माणसं ओरडत असतात की आपल्यासारख्या देशांनी आता एक बाजू घेतलीच पाहिजे. परवा नातवाने विचारलं, आजोबा, न्यूट्रल राहणं चांगलं की वाईट? मी हात वर करून सुरुवात करणार तेवढ्यात सून म्हणाली, "बाबा, थोडक्यात." मी हात खाली घेतला. देशांचं मला खरोखरच माहीत नाही. नाही म्हणायची हिंमत असलेला देश अलिप्त राहू शकत असेल. माझ्यात ती नव्हती, आणि त्या नसण्यालाच मी धोरण म्हणत होतो.

हे प्रकरण इथेच संपवलं होतं आणि गेल्या रविवारी नेहमीप्रमाणे शशीला दिलं. पाकिटाची गोष्ट मी त्याला तोंडाने कधीच सांगितली नव्हती. बुधवारी त्याने ते त्याच्या इमारतीच्या वॉचमनबरोबर परत पाठवलं. पेन्सिलीच्या दोनच खुणा होत्या. बर्फाच्या लादीपाशी मी 'तीसपर्यंत टिकलो' लिहिलंय तिथे समासात होतं, "अकरा." आणि मुदत आठ-दहा दिवसांची असावी, असं जिथे लिहिलंय तिथे त्याच्या लहान, सरळ अक्षरात लिहिलं होतं, "एकवीस दिवस. बाईंनी मलाही त्याच दिवशी सांगितलं होतं. रोज येत होतो ते घावण्यांसाठी नव्हे."

वरची दोन्ही वाक्यं मी बदललेली नाहीत. माझी स्मरणशक्ती कशी आणि कुठे कमी पडते हे वाचणाऱ्यांना दिसलेलं बरं. आज रविवार. सकाळी बेल वाजली तेव्हा दार मीच उघडलं. काय बोलायचं याची चार दिवस तयारी केली होती, त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हणालो, "शशी, मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. तुझी जागा मी घालवली."

तो वाकून चपला काढत होता. त्याला आता वाकायला वेळ लागतो. दोन्ही चपला भिंतीशी नीट लावून तो सरळ झाला.

"बाविसाव्या दिवशी आलं तुझं उत्तर," तो म्हणाला, आणि आत येऊन नेहमीच्या जागी बसला.